कापसाच्या पानातील प्रथिन : पृथक्करण आणि ओळख

मृग नक्षत्र तोंडावर आले की अकोल्याच्या जठारपेठेसारख्या नागरी वस्तीतही बियाण्याचा विषय निघतो. येथील कित्येक कुटुंबांचा नोकरी-व्यवसाय शहरात असला तरी शेती अकोट, तेल्हारा, बाळापूर अशा तालुक्यांत असते. घरचे कोणी तरी कृषी केंद्रातून पऱ्हाटीच्या बियाण्याची पाकिटे आणते, आणि मग पहिला प्रश्न होतो तो 'हे खरे बीटी आहे ना?' असा. प्रश्न दिसावयास साधा आहे. वस्तुतः त्यात तीन-चार वेगवेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असून, त्यांतील प्रत्येकाचे उत्तर देणारी प्रयोगशाळेतील रीत निराळी आहे. एका रीतीने मिळालेले उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटविले म्हणजे काय होते, याचा अनुभव वऱ्हाडने गेल्या काही वर्षांत घेतला आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. 'बीटी' ही बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतील जीवाणूच्या नावाची आद्याक्षरे. जीवाणूचे नाव त्यातून काढलेल्या जीनला मिळाले, जीनचे बियाण्याला, आणि बियाण्याचे पिकाला. आज 'औंदा बीटी लावली' असे म्हणणाऱ्याच्या मनात जीवाणू मुळीच नसतो. शिवाय मराठीतील 'आहे' हे क्रियापद दुहेरी काम करते. 'हे बीटी आहे' यात ते वस्तूची ओळख सांगते. 'यात बीटी आहे' यात केवळ अस्तित्व सांगते. शेतकरी पहिल्या अर्थाने विचारतो आणि त्याला आणखीही काही अभिप्रेत असते: माझे बोंड अळीपासून वाचेल काय? प्रयोगशाळा मात्र बहुधा दुसऱ्या अर्थाने उत्तर देते: या पानात अमुक एक प्रथिन आहे, किंवा नाही.

'प्रथिन' हा शब्दही कौतुकास्पद आहे. बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८३८ साली मूल्डरला 'प्रोटीन' हे नाव सुचविले ते 'प्रथम स्थानाचा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. मराठी परिभाषाकारांनी 'प्रथम'शी नाते राखून, शिवाय मूळ शब्दाचा नादही सांभाळून, 'प्रथिन' घडविला. परिभाषेत असे दोन्ही बाजूंनी जमणे क्वचितच घडते.

प्रथिन म्हणजे अमिनो अम्लांची लांब साखळी, विशिष्ट घडी पडलेली. कापसाच्या पानाच्या एका पेशीत अशी हजारो प्रकारची प्रथिने असतात. बीटी कापसात त्यांत एकाची भर पडते. भारतात मार्च २००२ मध्ये लागवडीस मान्यता मिळालेल्या पहिल्या तीन संकरित वाणांत हे भर पडलेले प्रथिन 'क्राय-१-एसी' या नावाचे होते. त्याची साखळी ११७८ अमिनो अम्लांची असून रेणुभार सुमारे १,३०,००० डाल्टन भरतो. अळीने पान खाल्ले की तिच्या अल्कधर्मी आतड्यात या साखळीचा मोठा भाग कापला जातो. उरलेला सुमारे ६०,००० ते ६५,००० डाल्टनचा गाभा आतड्याच्या पेशींवरील विशिष्ट ग्राहक प्रथिनांना चिकटतो, पेशींना भोके पाडतो आणि अळी मरते. २००६ साली मान्यता मिळालेल्या पुढील पिढीच्या वाणांत 'क्राय-२-एबी' हे दुसरे प्रथिनही आहे. तेव्हा 'बीटी ओळखणे' म्हणजे हजारो प्रथिनांच्या गर्दीतून ही एक वा दोन प्रथिने हुडकून काढणे होय.

पहिली अडचण पानातच आहे. कापसाच्या ऊतकांत गॉसिपॉल आणि टॅनिनसारखी पॉलिफिनॉल द्रव्ये भरपूर असतात. पान कुटताच ती मोकळी होतात, हवेशी संयोग पावून तपकिरी पडतात आणि प्रथिनांना बिलगून त्यांचा साका करतात. गव्हाचे कोवळे पान कुटून जे साधते ते कापसाच्या पानात सहजी साधत नाही. म्हणून पान बर्फाच्या थंडाव्यात वा द्रव नायट्रोजनमध्ये कुटावे लागते, आणि अर्क काढण्याच्या द्रावात पॉलिफिनॉले धरून ठेवणारे पॉलिव्हिनिल पायरोलिडोन व ऑक्सिडीभवन रोखणारे एखादे द्रव्य घालावे लागते. ही पायरी नीट झाली नाही तर पुढील सर्व यंत्रे उत्तम असूनही प्रथिन 'नाही' असे उत्तर येऊ शकते, आणि तो दोष बियाण्याचा नसून खलबत्त्याचा असतो.

अर्कातील प्रथिने वेगळी करण्याची सर्वांत फलदायी कल्पना विजेच्या साहाय्याची ठरली. प्रथिनांवर विद्युत्‌भार असतो. म्हणून विद्युत्‌क्षेत्रात ती सरकतात, आणि सारखी सरकत नाहीत. स्वीडनच्या टिसेलियसने १९३७ साली यासाठी उपकरण उभारले व १९४८ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. या रीतीस मराठीत 'विद्युत् संचारण' म्हणतात. तिचे सामर्थ्य १९४९ साली पाउलिंग व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले: सिकलसेलच्या रुग्णाचे हीमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हीमोग्लोबिनपेक्षा निराळ्या वेगाने सरकते. विदर्भात हा रोग बराच आढळत असल्याने येथील रुग्णालयांना विद्युत् संचारणाची ओळख कापसाच्या कितीतरी आधी झाली. वाहकाच्या रक्तात दोन पट्टे दिसतात, रुग्णाच्या रक्तात नेहमीच्या हीमोग्लोबिनचा पट्टा नसतो. एका पट्ट्याच्या असण्या-नसण्यावर विवाहाचे निर्णय अडतात.

टिसेलियसच्या नळीत प्रथिने द्रावातच सरकत, त्यामुळे त्यांच्या सीमा एकमेकींत मिसळत. द्रावाऐवजी थिजलेल्या माध्यमातून त्यांना सरकविले तर? १९५५ साली टोरांटो येथे ऑलिव्हर स्मिथीझने स्टार्चची खळ वापरली. लहानपणी आई कपड्यांना लावावयाची खळ शिजवीत असे आणि ती थंड झाल्यावर थिजत असे, या आठवणीवरून त्यास ही युक्ती सुचली. पुढे १९५९ पासून स्टार्चच्या जागी पॉलिॲक्रिलामाइड आले. त्याची जाळी हवी तितकी दाट वा विरळ करता येते.

तरीही एक गुंता उरलाच होता. प्रथिन किती वेगाने सरकेल हे त्याचा भार, आकार आणि घडी या तिन्हींवर अवलंबून असल्याने पट्टा दिसला तरी तो कशामुळे तेथे आला हे सांगता येत नसे. १९६० नंतरच्या दशकात यावर उपाय निघाला तो सोडियम डोडेसिल सल्फेट या साबणासारख्या द्रव्याचा. हे द्रव्य टाकून प्रथिने तापविली की घड्या उलगडतात, आणि प्रत्येक ग्रॅम प्रथिनास सुमारे १.४ ग्रॅम या प्रमाणात ते साखळीभर चिकटते. त्याच्या ऋण भारापुढे प्रथिनाचा मूळ भार नगण्य ठरतो. सर्वांवर लांबीच्या प्रमाणात सारखाच भार चढला म्हणजे स्पर्धा केवळ आकाराची राहते: लहान साखळ्या जाळीतून पुढे निघून जातात, मोठ्या मागे रेंगाळतात. लेमलीने १९७० साली या रीतीस जे रूप दिले ते आजही जगभरच्या प्रयोगशाळांत रोज वापरले जाते. शेजारच्या रकान्यात माहीत असलेल्या रेणुभारांची प्रथिने सरकवून ठेवली की अज्ञात पट्ट्याचा रेणुभार अदमासे वाचता येतो.

पट्टे दिसावयाचे तर ते रंगवावे लागतात. त्यासाठी वापरला जाणारा 'कुमासी ब्लू' हा रंग मुळात लोकर रंगविण्याचा. १८९६ साली ब्रिटिशांनी व्यापलेल्या, आज घाना देशात असलेल्या कुमासी नगराचे नाव या गिरणीच्या रंगास देण्यात आले, आणि १९६३ साली तो प्रथिनांसाठी प्रथम वापरला गेला. लोकर स्वतः प्रथिन असल्यानेच हा रंग तेथे पक्का बसतो. कापसाचा धागा सेल्युलोजचा. त्यावर तो तसा टिकत नाही. म्हणजे ज्या रंगाने कापसाचे कापड धड रंगणार नाही त्याच रंगाने कापसाच्या पानातील प्रथिने निळीशार उठून दिसतात.

परंतु उठून दिसतात ती सर्वच. पानाच्या अर्कात सर्वांत ठसठशीत पट्टे प्रकाशसंश्लेषणातील 'रुबिस्को' या प्रथिनाचे असतात. क्राय प्रथिन एक ग्रॅम ओल्या पानात काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षांशाच्या हिशेबात, असते. त्याचा पट्टा या गर्दीत लोपून जातो. येथे वेगळे करण्याचे काम संपते आणि ओळखण्याचे काम सुरू होते. ओळखणारा असतो प्रतिपिंड. सशाच्या वा उंदराच्या शरीरात शुद्ध क्राय प्रथिन टोचले की त्यास परके समजून प्राण्याचे शरीर त्याच्याशीच जुळणारे प्रतिपिंड तयार करते. जाळीतील पट्टे विजेच्याच साहाय्याने एका पातळ पडद्यावर जसेच्या तसे उतरवून घेतात, पडद्यावरील रिकाम्या जागा साध्या दुधाच्या भुकटीने भरून टाकतात, मग त्यावर प्रतिपिंड सोडतात. तो आपल्या प्रथिनापाशीच थांबतो. त्यास चिकटविलेल्या एंझाइममुळे तेवढाच पट्टा रंगतो वा प्रकाशतो. पडदा नायट्रोसेल्युलोजचा असतो आणि नायट्रोसेल्युलोज लाकडाच्या लगद्यापासून किंवा सरकीवरच्या आखूड तंतूंपासून बनते, तेव्हा कापसाची परीक्षा कधी कधी कापसावरच होते असे म्हणावयास हरकत नाही.

या पद्धतीचे नाव 'वेस्टर्न ब्लॉट'. नावाची कथा शब्दाभ्यासकास रमविणारी आहे. १९७५ साली एडविन सदर्न याने डीएनएचे तुकडे असेच पडद्यावर उतरविले. त्याच्या आडनावावरून ती पद्धती 'सदर्न' झाली. आडनावाचा अर्थ 'दक्षिणी'. मग आरएनएसाठीची पद्धती थट्टेने 'नॉर्दर्न' झाली, आणि टोबिन व सहकाऱ्यांनी १९७९ साली प्रथिनांसाठी बसविलेल्या पद्धतीस बर्नेटने १९८१ साली 'वेस्टर्न' म्हटले. विशेषनामाची दिशा होऊन बसली. मराठीत तिचा 'पाश्चात्त्य' असा अनुवाद करण्याचा मोह कोणास झाला तर तो आवरलेला बरा.

वेस्टर्न ब्लॉट दोन साक्षी एकाच वेळी देते: प्रतिपिंड चिकटला, आणि तो योग्य रेणुभाराच्या ठिकाणीच चिकटला. भलत्याच ठिकाणी पट्टा उमटला तर प्रतिपिंड फसला असे समजता येते. ही खात्री मोलाची असली तरी एका नमुन्यास पुष्कळ वेळ आणि कुशल हात लागतात. शेकडो पानांचा हिशेब करावयाचा तर १९७१ साली स्टॉकहोममध्ये एंगव्हाल व पर्लमान यांनी, आणि त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये दुसऱ्या गटाने स्वतंत्रपणे सिद्ध केलेली 'एलायझा' पद्धती सोयीची पडते. प्लॅस्टिकच्या एका तबकडीत ९६ खळगे असतात. प्रत्येकाच्या तळाशी प्रतिपिंड बसविलेला असतो. अर्कातील क्राय प्रथिन त्यास चिकटते, त्यावर एंझाइम जोडलेला दुसरा प्रतिपिंड बसतो, आणि एंझाइम रंगहीन द्रवास रंग आणतो. प्रथिन जितके अधिक तितका रंग गडद. शुद्ध प्रथिनाच्या ज्ञात मात्रांशी तुलना केली की 'आहे' याच्या पुढे जाऊन 'किती आहे' हे आकड्यात सांगता येते. रेणुभाराची साक्ष मात्र येथे उरत नाही.

हा 'किती'चा प्रश्न कापसाच्या बाबतीत निर्णायक ठरला. नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती व सहकाऱ्यांनी आठ व्यापारी बीटी संकरित वाणांतील क्राय-१-एसीचे मापन करून ते २००५ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केले. पानांत प्रथिन सर्वांत अधिक आढळले, त्याखाली पाते, बोंड आणि फूल. बोंडाची साल आणि फुलातील अंडाशय, म्हणजे अळी जेथे घाव घालते तीच ठिकाणे, पुरेशी संरक्षित नव्हती. ग्रॅममागे १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली प्रथिन उतरू लागले तसतशी हिरवी बोंडअळी अधिकाधिक प्रमाणात जगू लागली. आणि पीक जसजसे जुने होत गेले तसतसे सर्वच वाणांत प्रथिन घटत गेले, काहींत झपाट्याने. याचा अर्थ असा की जुलैमध्ये वरचे कोवळे पान तपासून मिळालेला 'होय' ऑक्टोबरमधील बोंडाविषयी फारसे काही सांगत नाही. अहवालात कोणत्या अवयवाचा, लागवडीनंतर कितव्या दिवशीचा नमुना घेतला याची नोंद नसेल तर तो अहवाल अपुरा समजावा.

शेतात मात्र एलायझा चालत नाही. तेथे चालते ती पट्टी. पानाचा नखाएवढा तुकडा लहानशा नळीत द्रावासह चिरडावयाचा, त्यात पट्टी उभी करावयाची आणि पाच-दहा मिनिटे थांबावयाचे. घरी गर्भधारणा तपासण्याच्या पट्टीचेच हे तत्त्व. द्राव नायट्रोसेल्युलोजवरून वर चढताना सोन्याच्या सूक्ष्म कणांना जोडलेले प्रतिपिंड बरोबर घेऊन जातो; क्राय प्रथिन असेल तर वाटेतील रेषेवर ते अडकून लाल रेघ उमटते. त्यावरची दुसरी रेघ पट्टी धड आहे एवढेच दाखविते, आणि ती न उमटल्यास परीक्षा रद्द समजावयाची असते. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनेही बीटी ओळखण्याचे असे संच विकसित केले, आणि बनावट बियाण्याच्या तक्रारींत त्यांचा चांगला उपयोग झाला. साधी सरकी बीटीच्या पाकिटात भरून विकणाऱ्यास पट्टी पकडते.

परंतु २०१७ च्या हंगामात विदर्भात शेंदरी बोंडअळीने हाहाकार केला तेव्हा प्रश्नाचे स्वरूपच पालटले होते. डोमकळ्या दिसू लागल्या, वरून हिरवी दिसणारी बोंडे फोडली की आत सरकी पोखरलेली निघे. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. शेतकऱ्यांनी महाराष्ट्र कापूस बियाणे अधिनियम, २००९ खालील 'जी' नमुन्यात तक्रारी केल्या. त्यांचे म्हणणे सरळ होते: बीटी म्हणून पैसे घेतले आणि अळी तर मेली नाही, बियाणे सदोष आहे. अशा बियाण्याच्या पानावर पट्टी लावली तर लाल रेघ उमटू शकते, आणि ती खोटीही नसते. प्रथिन तेथे असते. बदललेली असते ती अळी. क्राय-१-एसीला दाद न देणारी शेंदरी बोंडअळी गुजरातमध्ये २००८-०९ च्या हंगामातच आढळली होती. भारतातील अशा अळ्यांच्या आतड्यातील कॅडहेरिन या ग्राहक प्रथिनाच्या जीनमध्ये नानाविध बिघाड असल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. विष तेच, पण ते बसावयाची जागाच मोडलेली. पानातील प्रथिनाची कोणतीही परीक्षा, मग ती वेस्टर्न ब्लॉट असो वा एलायझा, हे दाखवू शकत नाही. त्यासाठी अळ्या गोळा करून त्यांना मोजून-मापून प्रथिन खाऊ घालावे लागते आणि किती जगतात ते पाहावे लागते. प्रथिन असल्याचा अहवाल बियाणे कंपनीच्या हाती 'बियाणे निर्दोष' याचा पुरावा बनतो, आणि शेतकऱ्यास तो आपल्याला खोटे पाडणारा कागद वाटतो. दोघांनीही त्यास न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मानलेले असते.

शेंदरी बोंडअळीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. भारतातील बीटी वाण बहुतांशी संकरित आहेत, आणि पहिल्या पिढीच्या वाणांत जनकांपैकी एकाकडूनच क्राय जीन आलेला असे. संपूर्ण झाडाच्या पानात प्रथिन असले तरी त्याच्या बोंडातील सरकी ही पुढची पिढी होय. मेंडेलच्या नियमानुसार तिच्यातील सुमारे चौथा हिस्सा प्रथिनाविना असतो. शेंदरी अळीचे अन्न नेमकी ही सरकीच. पानाची परीक्षा 'होय' म्हणत असताना त्याच झाडाच्या एका बोंडात विषारी व निर्विष दाणे शेजारी शेजारी असतात. दाणान्‌दाणा वेगळा तपासल्याखेरीज हे कळत नाही, आणि घरची सरकी राखून पुन्हा टोबणाऱ्याच्या शेतात हाच मिश्र प्रकार उभा राहतो.

'हे कोणाचे बीटी?' हा चौथा प्रश्न तर प्रथिनाला विचारताच येत नाही. बिकानेरी नरमा या सरळ वाणात सार्वजनिक संस्थांनी क्राय-१-एसी घातल्याचे जाहीर होऊन २००८ साली त्यास मान्यता मिळाली. बियाणे शेतात गेले, आणि २००९ साली मागे घेण्यात आले, कारण त्यात खाजगी कंपनीच्या 'मॉन-५३१' या जीन-समावेशाचे अस्तित्व आढळले. प्रतिपिंडाच्या पट्टीने दोहोंत भेद करता येत नाही. तिला दिसते ते क्राय-१-एसी. जीन गुणसूत्राच्या कोणत्या जागी बसला आहे हे डीएनएच सांगू शकते.

१० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मान्यता नसलेले, तणनाशक सहन करणारे कापसाचे बियाणे जाहीरपणे लावले. विदर्भात या बियाण्यास 'चोर बीटी' हे नाव पडले आहे, आणि ते परिभाषाकारांच्या 'तणनाशक-सहिष्णू'पेक्षा अधिक वेगाने पसरले. त्यात क्राय प्रथिनांखेरीज 'सीपी-४ ईपीएसपीएस' नावाचे, सुमारे ४७,००० डाल्टनचे, मातीतील दुसऱ्याच एका जीवाणूकडून घेतलेले प्रथिन असते. ग्लायफोसेट फवारले तरी झाड मरत नाही ते यामुळे. क्रायची पट्टी या बियाण्यास निमूटपणे 'होय' म्हणते, आणि घेणारा नेहमीचे बीटी समजून निश्चिंत राहू शकतो. सीपी-४ची पट्टी वेगळी मिळते व ती वेगळीच लावावी लागते. दोन्ही लावल्यावरही वाण कोणता, उगवण किती, बोंड केवढे येईल, हे पाकिटाइतकेच बंद राहते.

डिसेंबरनंतर पाणी देऊन फरदड घेण्याची रीत वऱ्हाडात अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. त्या वेळी पानातील क्राय प्रथिन उतरणीला लागलेले असते, आणि शेंदरी अळीला उन्हाळ्यापर्यंत बोंडे मिळत राहतात. फरदडीच्या पानाचा एलायझा जुलैच्या पानाच्या आकड्याशेजारी ठेवून पाहिला तर, एकाच झाडाच्या नावावर दोन अगदी निराळे अहवाल लिहावे लागतात.